हूल

आज एका माणसाच्या दोन पासांची गोष्ट सांगणार आहे. रग्बीचा नियम तेवढा ध्यानात ठेवा : चेंडू घेऊन पुढे धावावं, पण हाताने पुढे फेकता येत नाही. साथीदाराला द्यायचा तर आडवा किंवा मागे. म्हणजे ज्याला द्यायचा, तो बहुधा तुमच्या पाठीशीच असतो.

१५ जुलै १९८९. सिडनीत ऑस्ट्रेलिया विरुद्ध ब्रिटिश अँड आयरिश लायन्स. मालिका एक-एक अशी बरोबरीत, हा शेवटचा सामना. लायन्सच्या रॉब अँड्र्यूने मारलेली ड्रॉप किक हुकली आणि चेंडू ऑस्ट्रेलियाच्या गोलरेषेमागे डेव्हिड कॅम्पीझीच्या हाती आला. त्याने तो तिथेच जमिनीला टेकवला असता तर प्रश्न मिटला होता. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण हा पठ्ठ्या धावत सुटला, आणि पकड होणार असं दिसताच आपल्याच गोलरेषेजवळ साथीदार ग्रेग मार्टिनकडे चेंडू फेकला. मार्टिनला तो झेपला नाही. लायन्सच्या येयान एव्हान्सने त्यावर झडप घालून तो गोलरेषेपार टेकवला, म्हणजे ट्राय झाला. लायन्स १९-१८ असे जिंकले, ऑस्ट्रेलियाची मालिकाही गेली. मायदेशातल्या वर्तमानपत्रांनी कॅम्पीझीला सोलून काढलं.

हा माणूस कॅनबेराजवळच्या क्वीनबियन गावचा, १९६२चा जन्म, वडील इटलीहून आलेले. एकोणिसाव्या वर्षी, १९८२ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या स्टू विल्सनचा तेव्हा दबदबा होता. त्याच्यासमोर खेळायचंय, कसं वाटतं, असं कुणीतरी विचारलं. कॅम्पीझीने उलट विचारलं, ‘‘स्टू कोण?’’ उर्मटपणा की भाबडेपणा, देव जाणे. मला वाटतं, दोन्ही थोडंथोडं.

त्याची खासियत म्हणजे ‘गूज स्टेप’. कबड्डी पाहणाऱ्यांना मी ती एका शब्दात सांगेन : हूल. भरधाव धावताना तो मध्येच पाय ताठ करून झोकायचा, क्षणभर अधांतरी थबकल्यासारखा. पकडायला आलेल्याचा अंदाज तिथेच चुके. तो पाय टाकायच्या आत हा सुसाट पुढे. आपला चढाई करणारा गडी चार हात जागेत जे करतो, ते हा उघड्या मैदानात, पूर्ण वेगात करायचा. फरक एवढाच की हूल फसली तर आपला एक गडी बाद होतो; इथे कधीकधी मालिका जाते.

सिडनीनंतर शहाणा माणूस जपून खेळायला लागला असता. हा नाही लागला. १९९१च्या विश्वचषकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामन्याआधी इंग्लंडच्या कंटाळवाण्या खेळाची त्याने जाहीर टिंगल केली. इंग्लंड खरोखरच आपली रीत सोडून मोकळं खेळायला गेलं आणि ऑस्ट्रेलियाने १२-६ ने चषक नेला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या रोरी अंडरवूडकडे निघालेला पास कॅम्पीझीने हाताने मुद्दाम खाली पाडला, हेही सांगायला हवं. पंचांनी फक्त पेनल्टी दिली. इंग्लंडमध्ये ते अजून विसरले नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पुढे १९९६ मध्ये थांबला तेव्हा १०१ कसोटी सामने आणि ६४ ट्राय त्याच्या नावावर होते, त्या वेळचा तो विश्वविक्रम.

पण मला त्या १९९१च्या चषकातल्या उपांत्य सामन्याकडे परत जायचंय. डब्लिन, समोर न्यूझीलंड. आधी त्याने मैदान तिरकं कापत स्वतः एक ट्राय केला. मग साथीदार मायकेल लायनाने पुढे मारलेला चेंडू उचलून तो आत वळला. बचाव करणारे त्याच्याकडे ओढले गेले. आता तो काय करणार? हूल? किक? त्याने न बघता, उजव्या खांद्यावरून, मागे चेंडू टाकला. सिडनीत टाकला होता त्याच जातीचा, कुणीतरी असेल या भरवशावर टाकलेला पास.

या वेळी पाठीशी टिम होरान होता. चेंडू त्याच्या हातात आला आणि तो थेट गोलरेषेपार गेला.