सोडियम कमी झालं म्हणजे नेमकं काय?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी सूसला राहायला आलो तेव्हा आपल्या गप्पा टँकरच्या आणि रस्त्याच्या असायच्या. आता बाकावर बसलं की विषय बीपीच्या गोळ्यांचा! म्हणून आज मूत्रपिंडांबद्दल बोलतो.

शहराच्या पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटरचा हिशेब धरतात. आपली दोन मूत्रपिंडं रोज साधारण 180 लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत रक्तात जातं.

दिवाळीची साफसफाई आठवा. कपाटातलं सगळं बाहेर काढायचं आणि हवं तेवढंच परत ठेवायचं. मूत्रपिंड तेच करतं. गाळलेल्या द्रवात रोज जवळजवळ दीड किलो मिठाएवढं सोडियम असतं. नळीच्या पहिल्या भागात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत घेतलं जातं, पुढच्या लांब वळणात साधारण पाव हिस्सा. उरलेल्याचा बारीक हिशेब शेवटच्या टप्प्यात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठेवतं. तिथेच सोडियम आत येतं आणि जादा पोटॅशियम बाहेर जातं.

हा हिशेब बिघडला की काय होतं, ते आमच्या घरात पाहिलं. आईला बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती. ही गोळी सोडियमची परतीची वाटच अडवते. त्यात तिला जुलाब झाले. बीपी आहे म्हणून आम्ही मीठ जवळजवळ बंद केलेलं, आणि वर साधं पाणी पाजत राहिलो. अशा वेळी शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. दोन दिवसांनी आई मला मामाच्या नावाने हाक मारू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. तपासलं तर सोडियम 118! हवं 135 ते 145. डॉक्टरांनी ते हळूहळूच वाढवलं, कारण घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

म्हणून एवढंच सांगतो. गोळी मनाने बंद करू नका. पण जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं किंवा ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. आणि घरातलं म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर वयावर ढकलू नका. लगेच दवाखाना गाठा.

आई आज तिसऱ्या रांगेत बसलीय आणि ‘आवर आता’ म्हणून खुणावतेय. तेव्हा थांबतो.