दोन्ही बाजूंनी दोषी ठरलेला सेनापती

जर्मन जनरल वाल्टर फॉन सायडलित्स यांचा जन्म 1888 मध्ये हॅम्बुर्ग येथे झाला. 1942 च्या वसंतात देम्यान्स्क येथे वेढल्या गेलेल्या जर्मन तुकड्यांपर्यंत वाट काढून त्यांनी नाव मिळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र स्टालिनग्राडमध्ये ते स्वतःच वेढ्यात सापडले. हिटलरचा हुकूम डावलून वेढा फोडावा, असे त्यांनी सेनापती पाउलुस यांना लेखी बजावले. पाउलुस हुकमालाच चिकटून राहिले. जानेवारी 1943 अखेर सायडलित्स सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले.

कैदेत त्यांनी बाजू बदलली. सप्टेंबर 1943 मध्ये स्थापन झालेल्या जर्मन अधिकारी संघाचे ते अध्यक्ष झाले आणि हिटलरविरुद्ध उठण्याचे आवाहन जर्मन सैन्याला करू लागले. सैन्याने त्याला फारशी दाद दिली नाही. 1944 मध्ये जर्मनीत त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहदंड सुनावला गेला, कुटुंबीयांनाही अटक झाली. नवल पुढेच आहे. ज्यांच्यासाठी बाजू बदलली, त्या सोव्हिएत न्यायालयानेच 1950 मध्ये त्यांना युद्धगुन्हेगार ठरवून 25 वर्षांची शिक्षा दिली. 1955 मध्ये सुटून ते पश्चिम जर्मनीत परतले. 1976 मध्ये ब्रेमेन येथे त्यांचे निधन झाले. रशियाने त्यांना निर्दोष ठरवले ते 1996 मध्ये.