लेकीचा फॉर्म आणि रोजचा फोन



काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. आमची थोरली लेकही तिथेच स्थायिक झाली, तिथली नागरिक झाली. तिच्या कंपनीला सरकारी काम मिळालं आणि कंपनीने तिचं नाव ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’साठी पुढे केलं. म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी. आमचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून आज बोलतो आहोत.

त्यासाठी ‘एसएफ-८६’ हा शंभराहून अधिक पानांचा फॉर्म असतो. आई-वडील, सासू-सासरे, भावंडं यांच्या जन्मतारखा, पत्ते, नागरिकत्व, परदेशात असतील तर नोकरी कुठे, बोलणं किती वेळा होतं, सगळं लिहायचं. पहिली अडचण आमचीच! आमच्यापैकी एकाची जन्मतारीख शाळेत लावलेली १ जून, खरी वेगळी. दुसरीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं.

खरी काळजी पुढेच होती. लेकीचे काका इथल्या संरक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, आणि आमच्या फ्लॅटवर तिचंही नाव. ओळखीच्यांचे सल्ले सुरू झाले. काकांचं नाव गाळा, रोज फोन करते असं लिहू नका, फ्लॅटवरून नाव काढा. आम्हीही घाबरून तिला तसंच सुचवलं. ती म्हणाली, “आई, बाबा, मी रोज फोन करते. तेच लिहिणार.”

तिचंच बरोबर होतं. २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांत ‘परकीय प्रभाव’ हा एक. परदेशात नातेवाईक असणं एवढ्यानेच कुणी अपात्र ठरत नाही. त्या नात्याच्या आडून तिच्यावर दबाव आणता येईल का, हे पाहतात. देश कोणता, नातेवाईक सरकारी सेवेत आहेत का, इथली मालमत्ता तिथल्या मालमत्तेच्या मानाने किती, तिथे तिची मुळं किती खोल रुजलीत, याचा एकत्र विचार होतो. आई-वडिलांशी जिव्हाळा असणारच, हे ते धरूनच चालतात. माहिती लपवली तर मात्र सचोटीच्या वेगळ्या निकषावर माणूस अडकतो, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथे गुन्हा आहे. शेवटी शंका उरलीच, तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूनेच जातो.

मुलाखतीत तिला विचारलं, “कुणी तुमच्या आई-वडिलांना धमकावून माहिती मागितली तर?” तिने सांगितलं, “माहिती देणार नाही. लगेच सुरक्षा अधिकाऱ्याला कळवीन.” फोनवर हे ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. खोटं कशाला बोलू, मनाला लागलं.

मग काका आठवले. तीस वर्षं नोकरी केली, पण प्रयोगशाळेत काय करतात ते घरात कधी बोलले नाहीत. त्याचा आम्हाला अभिमानच वाटायचा. लेकीने तरी वेगळं काय केलं?

अकरा महिन्यांनी परवानगी आली. आता परदेशप्रवासाची आगाऊ सूचना तिला द्यावी लागते. यंदा गौरी-गणपतीला ती येते आहे, आणि तिकीट काढायच्या आधी तिने ती सूचना दिली.

तुमच्याकडे असा फॉर्म आला, तर जन्मदाखले आणि जुनी नावं आधी शोधून ठेवा. मुलांना काय लपवायचं ते शिकवू नका. खरं तेच लिहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!