प्रवाळ-मत्स्यालयाचे स्थलांतर
समुद्रापासून दूर, घोड आणि भीमा नद्यांच्या काठच्या शिरूर-दौंड परिसरात खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय मोठ्या टाकीत हलवताना कूपनलिकेचे जड पाणी चालत नाही. ते आरओ पद्धतीने, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळून, त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ आधीच विरघळवून ठेवावे लागते. खरी जोखीम मात्र टाकीतल्या खडकांची असते, कारण विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्यांच्या छिद्रांत राहतात आणि खडक वाळले की ते मरतात. जुनी वाळू साचलेल्या घाणीसकट, न धुता नव्या टाकीत ओतणे हा तर महागडा आळसच. प्रवाळ हलवण्याला कायद्याचीही बाजू आहे: चुनखडीचा सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी-हाजी अली येथील प्रवाळ हलवतानाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली.