माळ, ताट आणि वारीची वाट
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या वतीने केलेले भाषण)

विणेकरी, टाळकरी, मृदंगमणी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या आणि ग्रामस्थ मंडळी,

शंभर वर्षांच्या या आनंदात आज आम्ही जरा नाजूक विषय काढतोय. विषय आपल्या ताटातला आहे.

माणूस माळ का घालतो? कुणी आईबापांची होती म्हणून, कुणी दुखण्यातून उठल्यावर, कुणी दारू सुटावी म्हणून. कुणाला मुक्या जिवाचा कळवळा येतो. याच कळवळ्याने गाडगेबाबा कीर्तनातून सांगत, जत्रेत बोकड कापू नका.

आणि माळ का घालत नाही, किंवा घातलेली का उतरवतो? कुणाच्या घरी कुलदैवताचा बोकड असतो. ऊसतोडीच्या फडावर मिळेल ते खावे लागते. खाडीकाठच्या माणसाचं पोटच मासळीवर. बाळंतीण अशक्त झाली की डॉक्टर अंडी खायला सांगतात. ही कारणं काही खोटी नाहीत, माउली.

आमची खंत वेगळीच आहे. माळ उतरली की माणूस वारीच बंद करतो. "आता कोणत्या तोंडानं येऊ?" म्हणतो. आणि आपल्यातलाच कुणी पंगतीत त्याला टोमणा मारतो. मंडळी, मेलेली जनावरं ओढायचं काम ज्यांच्या माथी मारलं गेलं, त्या समाजात चोखोबा जन्मले. त्यांची समाधी आज पंढरीत महाद्वारापाशी आहे. तागडीत शाळिग्राम ठेवून मांस विकणाऱ्या सजन कसायाची कथा आपण कीर्तनात मान डोलवत ऐकतो. मग घरी आल्यावर शेजाऱ्याचं ताट का मोजायचं?

याचा अर्थ माळेचा नेम सैल करा, असा नाही. दिंडीतली पंगत शाकाहारीच राहील. ज्याने माळ घातली त्याने ती पाळावी. पण नुसतं मटण सोडलं आणि मापात मारलं, भावाचा बांध कोरला, तर ती माळ गळ्यात नुसती लोंबते.

म्हणून तीन गोष्टी हात जोडून सांगतो. एक, लेकराच्या किंवा नव्या सुनेच्या गळ्यात बळंच माळ घालू नका; मनानं घातलेलीच टिकते. दोन, माळकऱ्यांच्या घरात खाणं सकस असू द्या. सगळं दूध डेअरीला घालायचं आणि पोरांना कोरा चहा द्यायचा, हे बरं नव्हे. बी-१२ जीवनसत्त्व डाळी-भाजीत नसतं, दुधात असतं; घरात थोडं दूध-ताक ठेवा. मटकी, हुलगे, शेंगदाणे ताटात असू द्या. अंगात ताकद नसेल तर वीस दिवस पायी चालणार कसं? तीन, ज्याची माळ उतरली आहे, त्याच्या दारी यंदा प्रस्थानाआधी स्वतः जा आणि म्हणा, "चला, टाळ घ्या."

माळ परत घालायची का नाही, ते त्याचं आणि विठ्ठलाचं चालता चालता ठरेल. आपण वाट मोकळी ठेवू.

रामकृष्ण हरी!