म्हाताऱ्या प्राण्याला भूल देताना

घरातील कुत्री तेरा वर्षांची झालेली असते. चार दिवस ती अन्नाला तोंड लावीत नाही. पाणी मात्र पुन्हा पुन्हा पिते. पशुवैद्य तपासतात आणि सांगतात की हिच्या गर्भाशयात पू झाला आहे, शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढून टाकणे भाग आहे. अशा वेळी घरच्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो शस्त्रक्रियेविषयी नसतो. "ह्या वयात हिला भूल सोसेल का?" असेच ती विचारतात.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी म्हातारे कुत्रे वा मांजर आहे, त्यांच्यावर हा प्रश्न केव्हा ना केव्हा येणारच. त्याला दोन चुकीची उत्तरे फार प्रचलित आहेत. पहिले असे की, वय झाले, आता भूल नकोच; जितके दिवस काढील तितके काढू दे. ह्या मायेपोटी पू झालेली कुत्री विषबाधेने मरते, आणि किडलेल्या दातांचे मांजर वर्षानुवर्षे वेदना सोशीत राहते. दुसरे उत्तर ह्याच्या अगदी उलट असते. तरुण जनावराला जे इंजेक्शन देतात तेच, वजनावर हिशेब करून, म्हाताऱ्यालाही टोचावे आणि काम उरकावे. पहिल्या उत्तरात भीती आहे, तर दुसऱ्यात घाई. आणि दोन्ही प्राण्याच्या जिवावर बेततात.

ही भीती कितपत खरी आहे हे पाहण्यास एक मोठी नोंद उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ ह्या काळात ११७ दवाखान्यांतून ९८,०३६ कुत्र्यांची व ७९,१७८ मांजरांची माहिती गोळा करण्यात आली. तिचे निष्कर्ष डेव्हिड ब्रॉडबेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या दर दहा हजार निरोगी कुत्र्यांमागे सुमारे ५ कुत्री भुलेशी संबंधित कारणांनी दगावली. आजारी कुत्र्यांत हाच आकडा १३३ होता. मांजरांत तो निरोगी असताना ११ व आजारी असताना १४० होता. म्हणजे धोक्याचे मोठे कारण अंगातील आजार हे होय. परंतु वयाचाही वाटा त्यात होताच. बारा वर्षांवरील कुत्र्यांत मृत्यूची शक्यता तरुण कुत्र्यांच्या सुमारे सात पट आढळली, व मांजरांत सुमारे दुप्पट. तरीही वृद्ध प्राण्यांपैकी बहुतेक सर्व भुलेतून सुखरूप बाहेर आले, हेही विसरून चालणार नाही.

वयाने धोका वाढतो तो का? काटकसरी संसारात अडीअडचणीसाठी गंगाजळी राखलेली असते. शरीराचेही तसेच आहे. तरुण प्राण्याचे हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे रोजच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक काम करू शकतात. वय वाढते तशी ही शिल्लक आटत जाते. प्राणी घरात नीट हिंडतो, जेवतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. कारण रोजचा खर्च अजून भागत असतो. भुलेने रक्तदाब उतरला की मात्र तो अवघड प्रसंग येतो आणि शिल्लक नसल्याचे उघड होते. मूत्रपिंडांचे तर असे आहे की, त्यांची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती जाईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसतही नाही. म्हणून केवळ रक्त तपासून भागत नाही. लघवीची घनताही पाहावी लागते. हृदय नीट ऐकणे, रक्तदाब मोजणे आणि गरज वाटल्यास छातीचे चित्र काढणे, ही तयारी औषधाच्या निवडीआधीची होय.

आता औषधांकडे वळू. आपल्याकडे अनेक ठिकाणी झायलाझिन व केटामीन ही जोडी वापरली जाते. ती स्वस्त आहे आणि तिला यंत्र लागत नाही. तरुण, धडधाकट जनावरात ती बहुधा निभावते. परंतु झायलाझिनने हृदयाचे ठोके मंदावतात व हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होते. थकलेल्या हृदयाला हे पेलत नाही. केटामीन उलट हृदयाला पळवते. म्हाताऱ्या मांजरात हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार पुष्कळदा लपून असतो. अशा मांजराला ही धाव घातक ठरू शकते. ॲसिप्रोमॅझिनने रक्तदाब उतरतो, त्याचा अंमल बराच वेळ टिकतो, आणि तो उतरविणारे प्रतिऔषध नाही.

म्हणून वृद्धांसाठी सौम्य आणि आटोक्यात राहणारी औषधे पसंत केली जातात. आधी अफूच्या कुळातील एखादे वेदनाशामक आणि त्याच्या जोडीला मिडॅझोलाम दिले, तर हृदयावर फारसा भार न पडता गुंगी येते. ह्या दोहोंचा अंमल उतरविणारी प्रतिऔषधेही आहेत. मग तोंडावर मुखवटा धरून काही मिनिटे प्राणवायू द्यायचा, आणि शिरेत आधीच बसविलेल्या नळीतून प्रोपोफॉल अगदी सावकाश सोडायचे. येथे घाई विशेष नडते. म्हाताऱ्या शरीरात रक्त हळू फिरते. औषध मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते. अंमल दिसत नाही म्हणून अधीर हाताने आणखी औषध दिले की दोन्ही मात्रा एकदम लागू होतात आणि श्वास थांबतो. पुढे श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन वायू देतात. वृद्धांना तोही कमी लागतो. शस्त्रक्रियेच्या जागी लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध मोजून टोचले तर वायूची मात्रा आणखी उतरविता येते.

तथापि सर्वांत सुरक्षित औषध कोणते, असे कोणी विचारल्यास एकच एक नाव सांगता येत नाही. सौम्य औषधही बेफिकीर हातात मारक ठरते, आणि जुने औषधही जागरूक वैद्याच्या हाती पुष्कळदा तारून नेते. वर सांगितलेल्या नोंदीत मांजरांविषयी एक गोष्ट आढळली. ज्यांची नाडी कोणी पाहत होते व ज्यांना रक्तातील प्राणवायू मोजणारे पल्स ऑक्सिमीटर लावले होते, त्यांच्यात मृत्यूची शक्यता कमी होती. ह्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज दुसरा माणूस हवा. त्याने केवळ श्वास, नाडी, रक्तदाब व अंगातील ऊब ह्यांवर लक्ष ठेवावे आणि दर पाच मिनिटांनी ती कागदावर टिपावी. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली रेंगाळू लागला की मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडते. ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी दिसते.

त्याच नोंदीतील आणखी एक बाब मालकांनी ध्यानात ठेवावी. दगावलेल्यांपैकी कुत्र्यांत जवळजवळ निम्मी आणि मांजरांत सुमारे ६१ टक्के शस्त्रक्रियेच्या वेळी नव्हे, तर ती आटोपल्यानंतर गेली. आणि त्यांतली निम्मी पहिल्या तीन तासांत. टाके घालून झाले, यंत्र बंद झाले, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, की पिंजऱ्यात एकटे पडलेले जनावर कोणाच्याच नजरेत राहत नाही. म्हाताऱ्या अंगातील ऊब लवकर निघून जाते, आणि अंग थंड पडले की औषधही शरीरातून लवकर उतरत नाही. तेव्हा पांघरूण, ऊब आणि जवळ बसलेला माणूस ह्यांचे मोल महागड्या औषधाइतकेच आहे.

मालकांच्या हातीही पुष्कळ असते. प्राण्याला चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः हृदयाची, मधुमेहाची व सांधेदुखीची, वैद्यांना आधी सांगावी. अन्न किती तास आधी बंद करायचे ते विचारून घ्यावे. पाणी मात्र सांगितल्याखेरीज आदल्या रात्रीपासून तोडू नये, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडे आधी संकटात येतात. शिरेत नळी असेल का, प्राणवायूची सोय आहे का, भुलेवर लक्ष कोण ठेवणार आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असणार, हे नम्रपणे विचारावे. चांगला वैद्य ह्या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर समाधानकारक नसेल आणि आजाराला थोडी सवड असेल, तर सोयी असलेल्या इस्पितळाची वाट धरावी. घरी आणल्यावर माणसांची वेदनाशामके परस्पर देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे.

त्या तेरा वर्षांच्या कुत्रीला काही तास सलाईन देऊन, रक्तदाब सावरून, मग शस्त्रक्रियेस घेतले तर तिला जगण्याची चांगली आशा असते. तिच्या वयाला भिऊन वाट पाहत बसले तर ती आशा दिवसागणिक कमी होत जाते. "भूल सोसेल का?" हा प्रश्न विचारावाच, पण त्याबरोबर "तिच्यावर लक्ष कोण ठेवील?" हाही विचारावा. ज्या प्राण्याने तेरा वर्षे दारात बसून घराची राखण केली, त्याच्याजवळ शस्त्रक्रियेनंतरचे तीन तास कोणीतरी जागे बसणे हे फार मोठे मागणे नाही.