ड्रोन, बुलेट आणि शंभराचा स्टॅम्प

आज पुण्याच्या रूमवरून नाही, शिरपूरच्या आमच्या गच्चीवरून बोलतोय. मागे डीजे ऐकू येईल, सांभाळून घ्या, गल्लीत हळद आहे. आणि तिथे जे वाजतंय तोच आजचा विषय: अहिराणी गाण्याचा व्हिडिओ.

माझ्या मावसभावानं २०२१ मध्ये एक गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजपण त्याचाच. शूटिंगला चाळीस हजार लागले. त्यातले पंधरा कपाशीच्या खतासाठी ठेवलेले होते, नानांना न विचारता उचलले. एडिटिंग माझं, फुकट. व्हिडिओत काय होतं ते तुम्ही न बघता सांगाल. आधी ड्रोन, खाली केळीची बाग, तापीचा पूल. मग बुलेटवर गॉगल घालून हिरो. पोर बसस्टँडवर, तिला एक शब्द बोलायला नाही. मागे एकसारखे टी-शर्ट घातलेले सहा मित्र. शेवटी प्रोग्रामच्या ऑर्डरसाठी मोबाइल नंबर.

हा साचा आला कुठून?

आपल्या आईवडिलांनी दूरदर्शनवर छायागीत बघितलं, पण ती सिनेमातून कापलेली गाणी. फक्त गाण्यासाठी व्हिडिओ बनवायचा आणि चोवीस तास तेच दाखवायचं, हे अमेरिकेत एमटीव्हीनं १ ऑगस्ट १९८१ला सुरू केलं. पहिलंच गाणं लावलं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', म्हणजे नावातच धमकी! आपल्याकडे ते नव्वदीत केबलवरून आलं. १९९५चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आठवा, खोक्यातून बाहेर येणारा आपला मिलिंद सोमण. एक गाणं, एक छोटी गोष्ट, एक देखणा चेहरा.

पण खान्देशात हे सरळ मुंबईहून नाही आलं, मधे मालेगाव लागतं. हायवेनं धुळं ओलांडलं की मालेगाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला, गावातलेच कलाकार घेऊन. स्टुडिओ लागत नाही, हे आख्ख्या पट्ट्याला कळलं. मग व्हीसीडी आल्या. कॅमेरा कोणाचा? लग्नाची शूटिंग घेणाऱ्याचा. म्हणून त्या जुन्या व्हिडिओंत हिरॉइनवर नवरीसारखा झूम जातो आणि सीन बदलताना पडद्यावर गुलाब फिरतो. हसू नका, मी ते इफेक्ट स्वतः वापरलेत.

सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि सगळं फिरलं. 'बबल्या इकस केसावर फुगे' घ्या. गळालेले केस घेऊन त्याबदल्यात फुगे देणारा फेरीवाला. हा माणूस मुंबईच्या कोणत्या व्हिडिओत आला असता? मी हॉस्टेलवर चार वर्षं अहिराणी बोललो नाही, लोक हसतील म्हणून. आणि मागच्या वर्षी ऑफिसच्या ॲन्युअल डेला कोल्हापूरची पोरं 'झुमका वाली पोर'वर नाचत होती, मला अर्थ विचारत होती.

आता रील्समुळे साचा पुन्हा बदलतोय. फोन उभा धरला की ड्रोनचा आडवा शॉट वाया जातो. आधी अर्धा मिनिट नुसतं म्युझिक चालायचं, आता पहिल्या पाच सेकंदांत मुखडा पाहिजे. स्टेप पण अशी पाहिजे की हळदीत मामीला जमेल.

बरं, भावाचं गाणं. यूट्यूबवर पैसे सुरू व्हायला तेव्हा हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉचटाइम लागायचा. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून त्यानं गाणं दुसऱ्याच्या चॅनलला दिलं. शंभराच्या स्टॅम्पवर सही, हातात सात हजार. गाणं चाललं. गावोगावी वाजलं. मग त्यानं तेच गाणं आपल्या चॅनलवर टाकलं, तर क्लेम आला. यूट्यूबचं कंटेंट आयडी प्रत्येक नोंदवलेल्या गाण्याचा ठसा ठेवतं. ठसा जुळला की जाहिरातीचे पैसे नोंदवणाऱ्याला जाऊ शकतात. सिस्टीमला ठसा कळतो, ते गाणं शेतात कोणी रचलं हे कळत नाही. कोड लिहिणारा म्हणून सांगतो, तिला तसं विचारलेलंच नसतं.

काल रात्री आम्ही तो स्टॅम्प पुन्हा वाचला. "सर्व हक्क दिले" इतकंच लिहिलंय, किती वर्षांसाठी ते नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा असा सहीनं कंपनीला देऊन टाकताच येत नाही. हे मला पण परवापर्यंत माहीत नव्हतं.

स्टॅम्पवर तारीख आहे १२ ऑगस्ट २०२१. भावानं बोटं मोजली आणि म्हणाला, "म्हणजे २०२६चा ऑगस्ट." नाना तिथेच बसले होते. ते म्हणाले, "आणि मनं खत?"

सोमवारी धुळ्याला वकिलाकडे जातोय. काय होतं ते पुढच्या एपिसोडला सांगतो.